काटापावतीच्या अ‍ॅपमधली तारीख: डेटटाइमफॉरमॅटर सात महिने वापरल्यावर

जिनिंगवर कापसाची काटापावती काढणाऱ्या अँड्रॉइड अ‍ॅपमधून जुना सिंपलडेटफॉरमॅट काढून डेटटाइमफॉरमॅटर बसवला, त्याला सात महिने झाले. दोन्ही जावातले, तारीख मजकुरात लिहिणारे आणि मजकुरातून वाचणारे तयार कोड. पाचपैकी चार तारे.

खरा फरक आकड्यांत आहे. यवतमाळ, वाशीमकडच्या खेड्यांत फोन मराठीवर ठेवलेला असू शकतो. जुन्याला लोकेल (कोणत्या भाषा-प्रदेशाच्या पद्धतीनं लिहायचं ते) दिलं नाही, की तो फोनची भाषा उचलतो आणि आकडेही देवनागरी लिहितो. स्क्रीनवर झकास दिसतं, पण सर्व्हर फक्त इंग्रजी आकडे वाचत असेल तर पावती तिथंच अडकते. नागपुरात इंग्रजीवरच्या फोनवर कितीही तपासा, ही चूक सापडत नाही. नवा फॉरमॅटर पॅटर्न (अक्षरांनी लिहिलेला तारखेचा साचा) देऊन बनवला तर महिना मराठीत, आकडे मात्र इंग्रजी ठेवतो; देवनागरी हवेच असतील तर डेसिमलस्टाइल (आकडे कोणत्या लिपीत ते सांगणारी सेटिंग) वेगळी द्यायची. तरीही सर्व्हरला आयएसओ लोकल डेटच (वर्ष-महिना-दिवस असा प्रमाण साचा) पाठवा, शेतकऱ्याला दाखवायचा फॉरमॅटर निराळा ठेवा.

पॅटर्नची अक्षरं मात्र इथंही तितकीच दगाबाज. वर्षासाठी कॅपिटल वाय टाकला की आठवड्याचं वर्ष, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते, येतं: ३१ डिसेंबर २०२५ च्या पावतीवर २०२६ छापलं जातं, तेही ऐन आवकीच्या दिवसांत. कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस, म्हणून १ फेब्रुवारीला ३२. छोटा एम मिनिटांचा, महिन्याचा नव्हे, हे तर सगळ्यांनाच एकदा भोवतं.

हातानं टाकलेली तारीख वाचताना आणखी एक मेख आहे. ३१-०२-२०२६ दिली तर नवा फॉरमॅटर कुरकुर न करता २८ फेब्रुवारी धरतो. रिझॉल्व्हर (वाचलेली तारीख किती काटेकोर तपासायची ते ठरवणारी सेटिंग) स्ट्रिक्ट करा, पण मग वर्षाला वायऐवजी छोटे चार यू लिहा. नाहीतर बरोबर तारीखही नाकारली जाते.

रात्री दीड वाजता काट्यावर आलेल्या गाडीची तारीख यूटीसीवरून (जागतिक प्रमाणवेळेवरून) काढली तर आदल्या दिवसाची पडते, कारण आपण साडेपाच तास पुढं. झोन आशिया-कोलकाता स्पष्ट लिहा.

एक तारा कापला तो जुन्या फोनांपायी. डेटटाइमफॉरमॅटर अँड्रॉइड ८ पासूनच फोनमध्ये आत असतो. ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बांधणाऱ्या साधनात) कोअर लायब्ररी डिशुगरिंग, म्हणजे नवा कोड जुन्या फोनवर चालवायची सोय, चालू करून त्याची लायब्ररी जोडली नाही, तर अँड्रॉइड ७ वर तारखेचा कोड चालताच अ‍ॅप बंद पडतं.