सोलापुरात नऊ महिने: सोनी ए६४०० आणि शेजारी कॅनन आर५०

मुख्य संच: सोनी ए६४०० या कॅमेऱ्याची बॉडी, आणि सिग्मा १८-५० एफ/२.८ व सोनी ७०-३५० जी या लेन्स (आकडे मिलिमीटरमधले). तुलनेला कॅनन आर५०, तिची १८-४५ किट लेन्स आणि आरएफ १००-४००. डिसेंबर ते ऑगस्ट दोन्ही संच सोबतच बॅगेत होते. म्हणजे गड्डा (सिद्धेश्वर यात्रा), लग्नसराई, वैशाखातलं ऊन, पावसाळा, सगळं त्यात आलं. निकॉन झेड५०-२ थोडेच दिवस हातात होती, त्यामुळे तिच्याबद्दल जेवढ्यास तेवढं.

ए६४०० आली २०१९मध्ये, आर५० आली २०२३मध्ये. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराचा), २४ मेगापिक्सेल. दिवसाउजेडी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखता येत नाही. दुकानात मात्र सगळी चर्चा मेगापिक्सेल आणि फोर-केवरच होते. खरा फरक पडतो लेन्समध्ये, फ्लॅशच्या खाचेत, शटरमध्ये आणि हलत्या विषयावर फोकस किती टिकतो त्यात.

आधी लेन्स. मंगल कार्यालयातला हॉल घ्या: स्टेजवर प्रखर दिवे, पंगतीत मिणमिणत्या ट्यूब. १८-४५ किट लेन्स ४५ला नेली की ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/६.३वर जातं. सिग्मा तिथेही एफ/२.८वरच असते. फरक सव्वादोन स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). किट लेन्सला जिथे आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथे सिग्माचं काम १२५०वर भागतं. नवरीच्या शालूची जर आणि मामाच्या फेट्याची घडी टिकते की नॉईज (दाणेदारपणा) काढताना पुसली जाते, ते इथे ठरतं. बॉडी बदलून हाच फायदा मिळवायचा म्हटलं, तर थेट मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर उडी मारूनही सव्वा स्टॉपच्या आसपासच मिळतो, आणि लेन्स पुन्हा वेगळ्या घ्याव्या लागतात ते निराळंच.

ही सिग्मा सोनीसाठी २०२१मध्ये आली, कॅननच्या आरएफ माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची खाच) २०२४मध्ये. त्यामुळे ‘कॅननला बाहेरच्या लेन्स नाहीत’ हे वाक्य एपीएस-सीपुरतं तरी आता शिळं झालंय. फुजीच्या एक्स माउंटलाही ती मिळते. वजन फक्त २९० ग्रॅम. ए६४०० सोबत धरली तर सातशे ग्रॅमच्या आत. खोट एकच: सिग्मात स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही आणि ए६४००, आर५०, झेड५०-२ यांपैकी एकाच्याही बॉडीत नाही. ५० मिलिमीटरवर हातात धरून १/१००च्या खाली गेलात की स्क्रीनवर चांगला दिसलेला फोटो घरी संगणकावर हललेला निघतो. उपाय मेनूतच आहे. आयएसओ ऑटोच्या खाली किमान शटर स्पीड नावाचा पर्याय आहे, तो १/१२५ करून ठेवा. चालता-चालता व्हिडिओ काढणं हे निम्मं काम असेल तर मात्र ए६४०० घेऊ नका, ए६७०० बघा. तिच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे आणि बॅटरीही मोठी आहे.

फ्लॅशबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. आर५०च्या माथ्यावरच्या खाचेत मधली पिन नाही. फक्त पुढच्या कडेला नव्या पद्धतीचे बारीक संपर्क आहेत. कॅननचे जुने स्पीडलाइट लावायचे तर एडी-ई१ हा अडॅप्टर लागतो. मधल्या पिनवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर खाचेत नीट बसतात, पण फ्लॅश उडतच नाही. फ्लॅश बिघडला समजून लोक तो दुरुस्तीला देतात. (२००डी मार्क २ या डीएसएलआरमध्येही ही पिन नव्हतीच.) ए६४००ला पिन आहे, जुना कुठलाही मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर उडतो. घरात आधीपासून फ्लॅश असेल तर एवढ्या एका कारणावरून निवड फिरू शकते.

शटरची गंमत उन्हात कळते. आर५०मध्ये संपूर्ण यांत्रिक शटर नाही. पहिला पडदा कायम इलेक्ट्रॉनिक असतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर दुपारी आरएफ ५० एफ/१.८ पूर्ण उघडी ठेवून पोर्ट्रेट काढलं तर शटर १/४०००वर जातं. मग मागच्या पाण्यावरचे चमकणारे गोल एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. लेन्स सदोष नसते. इतक्या वेगात दोन पडद्यांमधली फट फार अरुंद होते, आणि एक पडदा सेन्सरवर आभासी, दुसरा त्याच्या किंचित पुढे खराखुरा, त्यामुळे तिरके किरण अडतात. ४३ मिलिमीटरचा एनडी८ फिल्टर लावा. तीन स्टॉप कमी होऊन शटर १/५००वर येतं आणि गोल पुन्हा गोल दिसतात. ए६४००वर मेनूत ई-फ्रंट कर्टन शटर बंद केलं की झालं.

उलट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन्ही कॅमेरे सारखेच फसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. सायलेंट शटर (आवाज न करणारं, पूर्ण इलेक्ट्रॉनिक) लावलंत की टॉवेलच्या पांढऱ्या ताण्यावर आडवे काळपट पट्टे उमटतात आणि पळता धोटा वाकडा दिसतो, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. सायलेंट बंद, शटर १/१०० किंवा १/५०. धोटा १/५०ला पुसट येतो, पण मागाचा वेग त्यातच दिसतो. गोठवलेला धोटा माग बंद असल्यासारखाच वाटतो. शेडमध्ये लेन्स बदलायची नाही, अगदी मोह झाला तरी. हवेत तरंगणारे सुताचे तंतू सेन्सरवर बसले की ब्लोअरने सहज उडत नाहीत.

गड्ड्याच्या यात्रेत सोनीचा फोकस दोनदा विचार करायला लावतो. मानाचे सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), खाली पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी. चेहरा ओळखणारा फोकस इतका तत्पर की नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाला सोडून मागे मोबाइल धरून उभ्या असलेल्याचा डोळा पकडतो. चेहरा-प्राधान्य सी१ बटणावर टाका. गर्दीत ते बंद, फोकस एरिया फ्लेक्सिबल स्पॉट (हवी तिथे सरकवता येणारी चौकट) मध्यम आकाराचा, मोड एएफ-सी (सतत फोकस). मोकळ्यात आल्यावर पुन्हा चालू. एक्सपोजरचंही तसंच. पांढऱ्या बाराबंद्यांनी फ्रेम भरली असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फोटो काळवंडून टाकतो, एक्सपोजर अधिक ०.७ द्या. पण एकच बाराबंदी उन्हात आणि मागे सावलीतली गर्दी असेल तर उलटं होतं, कापड जळून पांढराफटक डाग उरतो. तिथे उणे ०.७. सोनीत झेब्रा १००+ लावला की जळणारा भाग टिपण्याआधीच पट्ट्यांनी दिसतो. नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली सोय हीच. उंच काठी आणि माणूस एकाच फ्रेममध्ये हवा तर कॅमेरा उभा धरून १८ मिलिमीटरही कमी पडतं. मागे सरकायला जागा नसते. वरच्या मजल्यावरची ओळखीची गॅलरी ही तिथली खरी वाइड लेन्स.

आता नान्नज. शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा गवताळ माळ. माळढोक दिसेल या आशेवर मोठी लेन्स घेऊ नका. त्याचं दर्शन आता अतिदुर्मीळ. काळवीट, चंडोल, हिवाळ्यात भोवत्या (शिकारी पक्षी), हे विषय धरूनच हिशोब करा. इथे आर५० सरळ पुढे जाते. ती पक्षी ओळखते, डोळ्यावर चौकट बसवते. ए६४००ला प्राण्यांचा डोळा कळतो तो प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांचा, पक्ष्यांसाठी वेगळी ओळख तिच्यात नाही. गवतात बसलेला चंडोल टिपताना ती पुढचं पातं पकडते. फ्लेक्सिबल स्पॉट लहान करून तो थेट डोक्यावर ठेवावा लागतो. आकाशात उडणाऱ्या भोवत्यासाठी झोन ट्रॅकिंग पुरेसं. मात्र सलग फ्रेम घेताना पारडं फिरतं. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) आर५०चा बफर, म्हणजे कार्डवर लिहिण्याआधीची तात्पुरती जागा, दहा फ्रेमच्या आतच भरतो, ए६४०० चाळीसच्या पुढे जाते. आर५०वर उडते पक्षी जेपीईजीत घ्या किंवा बटण दाबून न धरता दोन-तीन फ्रेमचे तुकडे घ्या.

पल्ल्याचं गणित: ७०-३५० सोनीवर फुल फ्रेमवरच्या ५२५ मिलिमीटरसारखी, १००-४०० कॅननवर ६४०सारखी. वजन जवळजवळ सारखंच, ६२५ आणि ६३५ ग्रॅम, आणि किमतीला कॅननची कमी. पण ती ४००वर एफ/८, सोनी ३५०वर एफ/६.३. पहाटे हा दोन-तृतीयांश स्टॉप टोचतो. माझा कल तरीही पक्ष्यांसाठी कॅननकडे. फोकसच चुकला तर कमी आयएसओ घेऊन करायचं काय?

या दोन्ही लेन्सबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘लांबचं मऊ येतं.’ वेळ विचारली तर सकाळचे साडेदहा. एप्रिल-मेमध्ये माळावरची जमीन तापली की हवेचे थर डुलायला लागतात. शंभर मीटरवरच्या काळविटाच्या शिंगांच्या कडा लाटेसारख्या येतात. कुठलीही महागडी लेन्स याला उपाय नाही. साडेआठच्या आत आटपा किंवा विषय वीस-तीस मीटरवर असेल तेव्हाच बटण दाबा. लेन्स तपासायची तर सकाळी सातला, जवळच्या खांबावरची पाटी टिपून तपासा.

उन्हाचा दुसरा त्रास म्हणजे बॉडी तापणं. ए६४००वर फोर-के चालू असताना बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत गरम झाल्याची खूण येऊन ती बंद पडू शकते. मेनूत ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर ‘हाय’ करा, स्क्रीन बॉडीपासून उघडून धरा, सलग चित्रीकरणाऐवजी छोटे तुकडे घ्या, आणि कॅमेरा सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत मे महिन्यात कॅमेरा नको, बॅटरी तर मुळीच नको.

धुळीचं काय? मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोरच उघडा. या दोन्हींत बंद असतानाही शटर त्यावर पडदा धरत नाही. महिन्यातून एकदा तपासा: आयएसओ १००, एफ/१६, फोकस मॅन्युअल आणि मुद्दाम चुकवलेला, समोर मोकळं आकाश. राखाडी ठिपके दिसले तर ती धूळ. एफ/२.८वर तेच ठिपके विरून जातात, कारण रुंद किरणशंकूत कणाची सावली पुसली जाते. आधी रबरी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली. तोंडाने फुंकर नाही, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट. डब्यातली दाबाची हवाही नाही. तरी राहिले तर १६ मिलिमीटर रुंदीचा एपीएस-सी स्वॅब, द्रवाचे दोन थेंब, एका दिशेने एकदाच. तोच स्वॅब पुन्हा वापरायचा नाही.

बॅटरी दोन्हींच्या लहान. ए६४००ची एनपी-एफडब्ल्यू५० कंपनीच्या हिशोबाने व्ह्यूफाइंडरवर ३६० फोटो देते. लग्नाला तीन लागतात. बॉडीचं चार्जिंग पोर्ट मायक्रो-यूएसबी आहे, फोनची आताची केबल चालत नाही. वेगळा दोन खणांचा चार्जर घ्याच. आर५०ला टाइप-सी. कार्ड ए६४००मध्ये यूएचएस-१च चालतं, महाग यूएचएस-२ घेऊन वेग वाढत नाही. ६४ जीबीत कॉम्प्रेस्ड रॉ साधारण २,४०० मावतात. कार्ड बॅटरीच्याच झाकणात असल्यामुळे ट्रायपॉडची प्लेट काढल्याशिवाय बदलता येत नाही.

ए६४००चा मेनू म्हणजे चक्रव्यूह, आणि त्यात टच चालत नाही. शेंगाचटणीच्या बोटांनी स्क्रीन खराब होत नाही एवढाच काय तो फायदा. आर५०चा मेनू घरातलं कुणीही पंधरा मिनिटांत शिकतं. पकडीत झेड५०-२ दोघांनाही मागे टाकते: खोल ग्रिप, दोन डायल. पण कार्ड-बॅटरीसह ५५० ग्रॅम.

घरगुती समारंभ, यात्रा, गावातले माणसांचे फोटो असतील तर ए६४०० आणि सिग्मा. माळावरचे पक्षी मुख्य असतील तर आर५० आणि १००-४००.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा क्रमांक बॉडीशी आणि लेन्सशी जुळवा. बिलाविना स्वस्तात मिळणाऱ्या आयात मालाला इथली वॉरंटी मिळेल हे धरून चालू नका. सर्व्हिस सेंटर कुठे आहे हेही तिथेच विचारा; पुण्याला जावं लागलं तर एका बाजूचे अडीचशे किलोमीटर होतात. मग लेन्स पूर्ण उघडून समोरच्या सपाट भिंतीचा किंवा दुकानाच्या शटरच्या पट्ट्यांचा फोटो काढा, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून. मोठा करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या लेन्सची मर्यादा. एकच कोपरा विरघळल्यासारखा असेल तर पुन्हा एकदा काढून खात्री करा आणि तिथल्या तिथे दुसरा नग मागा.