इन्चार्ज व्हायचं की ट्यूटर?

दहा-बारा वर्षं रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काढली की बहुतेकींपुढे हा फाटा येतोच. सरकारी कागदावर अधिपरिचारिकेनं परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख, व्हायचं की पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी. वॉर्डात आपण म्हणतो, इन्चार्ज की ट्यूटर. (ब्रदरमंडळींनाही हेच लागू.) मी इन्चार्ज झाले, माझी हॉस्टेलची रूममेट ट्यूटर. दोघी आता निवृत्त आहोत आणि अजून भेटलो की यावरूनच वाजतं.

पात्रतेचं चटकन सांगते. सरकारीत इन्चार्जपद बहुतेक ज्येष्ठतेनं चालत येतं. खासगीत मुलाखत आणि मेट्रनचं, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखाचं, मत. ट्यूटरसाठी नुसतं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पुरत नाही, त्यावर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी लागतं. आधीच 4 वर्षांचं बीएस्सी असेल तर वाट मोकळी. कॉलेजात वर चढायचं तर एमएस्सीची आणखी 2 वर्षं. पस्तिशीत घरदार सांभाळून पुन्हा बाकावर बसायची तयारी नसेल, तर निम्मा निर्णय इथेच झाला.

वेळेत ट्यूटर जिंकते, पण लोक समजतात तेवढी नाही. नाइट सहसा दोघींच्याही सुटतात. ट्यूटर पाचला निघते आणि जेवणानंतर केस स्टडीचे गठ्ठे तपासत बसते. इन्चार्जची ड्युटी संपते, फोन संपत नाही. 'सिस्टर, उद्या मॉर्निंगला जमत नाही, मुलाला ताप आहे.' रात्री साडेदहाला हा फोन आला की डोक्यात आधी मुलाचा ताप येत नाही, ड्युटी लिस्ट येते. मला सुरुवातीला याची लाज वाटायची.

अधिकाराचं मात्र नीट समजून घ्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष म्हणतो, शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका, इतरत्र 5 मागे 1, वर रजेसाठी 30 टक्के राखीव. रात्री दोघींनी मिळून चाळीस खाटा कधीच सांभाळल्या नाहीत, अशी जनरल वॉर्डातली स्टाफ मला अजून भेटायची आहे. माणसं मागायचा हक्क इन्चार्जला, द्यायचा दुसऱ्यांना. तिच्या हाती उरते ती टंचाईची वाटणी, आणि ती करूनही तोंड गोड ठेवायचं. ट्यूटरसाठी 10 विद्यार्थ्यांमागे 1 हे प्रमाण आहे. वर्गात तिचा शब्द शेवटचा, पण वॉर्डाच्या दारात ती पाहुणी. मुलींना कॅथेटर टाकू द्यायचा की नुसतं बीपी घ्यायला लावायचं, हे इन्चार्ज ठरवते. 'तुझ्यासारख्यांच्या मिनतवाऱ्या करण्यात माझी अर्धी नोकरी गेली,' असं रूममेट म्हणते. खरं आहे. तिच्या मुलींना मी चादरी मोजायला बसवलंय.

आता स्वभावाचं. मॅनेजमेंटच्या पेपरला हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट अशा तीन शैली आपण सगळ्यांनी पाठ केल्या. त्या मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांच्या 1939 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून आल्या. प्रयोग झाला होता अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलग्यांवर; मंडळ करून ही मुलं मुखवटे वगैरे बनवत. त्यातली एक गोष्ट पेपरात कोणी लिहीत नाही. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारून काम चालायचं त्या गटात ते फारसं अडत नसे. आणि रात्री दोन वाजता इन्चार्ज नेहमीच खोलीबाहेर असते.

माझ्या पहिल्या इन्चार्जची इमर्जन्सी ट्रॉली आरशासारखी लख्ख असायची. एका रात्री पेशंट गॅस्प करायला लागला, डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचा लॅरिंगोस्कोप उघडला, दिवा लागेना. सेल उतरले होते. संध्याकाळच्या स्टाफला ते माहीत होतं. पण सांगितलं असतं तर 'तुझ्याच ड्युटीत कसे उतरले?' हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं असतं, म्हणून तिनं यादीत टिक करून पुढच्या शिफ्टला ओव्हर दिला होता. मी शेजारच्या वॉर्डातून दुसरा पळत आणला. पेशंट वाचला, त्याचं नशीब.

दुसऱ्या इन्चार्जच्या टेबलावर एक शंभरपानी वही असायची. काही बिघडलं, फुटलं, चुकीचं इंजेक्शन भरलं आणि देण्याआधी लक्षात आलं, तर तिच्यात लिहायचं, नाव नको. सकाळी आधी वही, मग चहा. पण पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे हृदय थांबलं, की हीच बाई कोणाला काही विचारायची नाही. 'तू कॉम्प्रेशन, तू अ‍ॅड्रिनलीन, मामा, सिलिंडर!' व्यवस्थापनाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी माणूस नि प्रसंग पाहून शैली बदलायला सांगितलं, ते तिनं न वाचता केलं. मोकाट शैलीवर, म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या 'चालू द्या' इन्चार्जवर, शाई घालवत नाही.

ट्यूटरला हुकूम फारसा लागत नाही, चिकाटी लागते. तोच एनिमा, तीच ट्रे मांडणी, दरवर्षी नव्या बॅचला पहिल्यांदा शिकवल्यासारखी. फळ तीन-चार वर्षांनी दिसतं, तेही दुसऱ्याच्या वॉर्डात. इन्चार्जला फळ आणि फटका दोन्ही त्याच शिफ्टमध्ये मिळतात. ज्यांना लगेच निकाल लागतो, त्यांनी वर्गाच्या वाटेला जाऊ नये. आणि वाईटपणा घ्यायला जमत नसेल तर ड्युटी लिस्टला हात लावू नये. पेशंटच सोडवत नसेल तर दोन्ही नको: बीएस्सी आणि वर्षभराचा अनुभव असल्यास क्रिटिकल केअरमधल्या, म्हणजे अतिदक्षतेतल्या, नर्स प्रॅक्टिशनरचा 2 वर्षांचा कोर्स आहे. त्याची स्वतंत्र पदं मात्र अजून थोडी, आधी चौकशी करा.

इन्चार्ज होणार असाल तर चार्ज घेताना डेड स्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे वॉर्डातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली, प्रत्येक वस्तू स्वतः हातानं मोजा. मी भिडेखातर सही केली आणि कधी न पाहिलेल्या दोन सक्शन मशीनची उत्तरं चार वर्षं देत बसले. रूममेट म्हणते, ट्यूटरलाही हे चुकत नाही. तिच्या ताब्यात वर्गातला सांगाडा आला, त्याची एक बरगडी आधीपासूनच कमी होती.