विक्रीसाठी घर सजवून घेतले: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमधील आमची दोन शयनकक्षांची सदनिका विकायचे ठरले ते २०२४ च्या जून महिन्यात. इमारत १९९४ सालची, तीन मजली, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईच्या गुडघ्यांना चौपन्न पायऱ्या झेपेनाशा झाल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता. त्याच सुमारास एका परिचिताने घर विक्रीसाठी तयार करून देणाऱ्या एका व्यावसायिक सेवेची माहिती दिली आणि ऑगस्टमध्ये आम्ही ती घेतली. घराची पाहणी, आवराआवरीचा सल्ला, दिवाणखान्याच्या एका भिंतीला उठावदार रंग, भाड्याचे फर्निचर, पडदे, छायाचित्रे आणि जाहिरातीचा मजकूर असे तिचे स्वरूप होते. त्यासाठी एकरकमी ३८,००० रुपये आणि फर्निचरचे दरमहा ९,५०० रुपये भाडे ठरले. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण जे बिघडले त्यातील काही वाटा आमच्या घाईचाही होता.

आधी जे खरोखर उपयोगी पडले ते सांगतो. पहिल्या भेटीत सल्लागार बाई दोन तास घरभर फिरल्या आणि प्रत्येक खोलीतील एक तृतीयांश सामान बाहेर गेले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी हे फार कठोर वाटले होते. आज मात्र संपूर्ण रकमेतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते, असे मला वाटते. दोन्ही माळे रिकामे केले, तेव्हा तांब्याचा बंब, दोन बिघडलेले मिक्सर, वडिलांच्या कार्यालयातील १९८० च्या दशकातील फायली आणि कोणाच्या लग्नातील आहेराच्या हे कोणालाच न आठवणाऱ्या सहा चादरी निघाल्या. दिवाणखान्यातील दिवाण हलवल्यावर दारातून थेट खिडकीपर्यंत चालत जाता येऊ लागले. याचे महत्त्व पुढे कळले. घर पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आत आल्यावर प्रथम खिडकीपाशी जातो, खाली वाकून गाडी कुठे लागते ते पाहतो, आणि मगच मागे वळून खोलीकडे बघतो. वाटेत दिवाण असेल, तर तो दारातच थबकतो आणि खोली लहान असल्याचे त्याच्या मनात तिथेच पक्के होते.

देवघराबाबत मात्र आईने सल्ला धुडकावला. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काढून कपाटात ठेवावे, म्हणजे ओट्याची बाजू मोकळी दिसेल, अशी सूचना होती. "गिऱ्हाईक येणार म्हणून देव कपाटात कोंडायचे का?" एवढेच आई म्हणाली आणि विषय संपला. नंतर आलेल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांनी देवघर कुठे आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आपणहून विचारले. काही जण मोबाइलवरील होकायंत्र घेऊन येत. लोखंडी सुरक्षादाराजवळ उभे राहून पाहिले की तो काटा भरकटतो, हे मी प्रत्येकाला सांगून खोलीच्या मध्यावर नेऊन उभे करीत असे. वास्तुशास्त्रावर माझा स्वतःचा विश्वास नाही. पण दाराच्या लोखंडामुळे आमचे पूर्वेचे दार आग्नेयेला जावे, हेही मला मान्य नव्हते.

भाड्याच्या फर्निचरचा अनुभव निराशाजनक होता. करड्या रंगाचा बुटका सोफा, काचेचे टेबल, तीन उशा आणि एक कृत्रिम रोपटे अशी ती मांडणी छायाचित्रात देखणी दिसली, परंतु आम्ही त्याच घरात राहत होतो. सोफा इतका बुटका होता की आई एकदा बसली की तिला दोघांनी धरून उठवावे लागे, म्हणून चार महिने ती स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. शयनकक्षात खोली मोठी भासावी म्हणून चार फूट रुंदीचा पलंग ठेवला होता. एका रविवारी आलेल्या तरुण जोडप्याने खिशातून टेप काढून आधी पलंग मोजला, मग भिंत मोजली, आणि "काका, आमचा पलंग सहा बाय साडेसहा आहे, तो लावला तर कपाटाचे दार उघडेल का?" असे विचारले. ते उघडणार नव्हते, आणि तसे मी सांगितले. घर विकायचे नसून दाखवायचे असेल तेव्हाच असे युक्तीचे फर्निचर शोभते. शिवाय हे सोबत मिळणार का, असे जवळपास सगळेच विचारीत, आणि ते भाड्याचे आहे असे कळले की त्यांची नजर आणखी कुठे मुलामा दिला आहे याचा शोध घेऊ लागे.

छायाचित्रांचीही तीच गत झाली. रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या चित्रांत आमचा दहा बाय पंधराचा दिवाणखाना मंगल कार्यालयासारखा दिसत होता. पहिल्या सहा आठवड्यांत एक्केचाळीस फोन आले आणि एकोणीस कुटुंबे प्रत्यक्ष येऊन गेली, परंतु त्यांतील एकही दुसऱ्यांदा आले नाही. दारातच "फोटोत मोठा वाटला होता" हे वाक्य ऐकण्याची आम्हाला सवय झाली होती. जानेवारीत मी स्वतः, सकाळी दहाच्या उजेडात, मोबाइलच्या साध्या भिंगाने, छातीच्या उंचीवर फोन धरून नवी छायाचित्रे काढली आणि जाहिरातीत चटई क्षेत्र ६४० चौरस फूट असे पहिल्याच ओळीत लिहिले. फोन निम्म्याने कमी झाले, पण जे येत ते आकाराबद्दल चकार शब्द काढीत नसत.

दिव्यांच्या बाबतीत सेवेचा सल्ला योग्य होता. नोकरी करणारी माणसे घर पाहायला सायंकाळी सातनंतर येतात, आणि आमच्याकडे एका खोलीत निळसर पांढरी ट्यूब, तर दुसरीत पिवळा दिवा असा प्रकार होता. सर्वत्र ४००० केल्विनचे, म्हणजे ना निळसर ना पिवळ्या प्रकाशाचे, एकसारखे एलईडी दिवे लावले. खर्च ४,२०० रुपये आला आणि भिंतींचा रंग प्रथमच एका घरातला वाटू लागला. सुगंधाबाबत मात्र उलटा परिणाम झाला. न्हाणीघराबाहेर ठेवलेल्या गवती चहाच्या सुवासाच्या यंत्राकडे पाहून एका आजींनी सरळ विचारले, "एवढा वास कशाला लावलाय? ओल आहे का कुठे?" खरे तर दुर्गंधी येत होती ती फारशा न वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या न्हाणीघरातून. तेथील नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली वास अडवण्यासाठी साठून राहणारे, पाणी आटले की गटाराचा वास वर येतो. ट्रॅप बदलून घेतला, आणि दर दोन दिवसांनी त्यात तांब्याभर पाणी ओतण्याचा नेम ठेवला, तेव्हा ते यंत्र बंद करता आले.

ओल मात्र होतीच, आणि आजींचा संशय जागा चुकला तरी खोटा नव्हता. दिवाणखान्याची पश्चिमेकडील भिंत पावसाच्या तोंडावर आहे आणि खिडकीच्या छज्जाला जिथे भिंत मिळते तिथे बाहेरून बारीक भेग होती. ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात, त्याच भिंतीला सेवेच्या रंगाऱ्याने पुट्टी भरून गडद हिरवा रंग दिला. भिंत सुकू द्यावी का, असे मी एकदा विचारले होते. वर ओलरोधक प्रायमर आहे, असे उत्तर मिळाले, आणि गणपतीपूर्वी जाहिरात लागावी या घाईत मीही ते मानून घेतले. पितृपक्षात कोणी फिरकले नाही. १२ ऑक्टोबरच्या दसऱ्यानंतर मात्र गर्दी झाली, आणि त्यातच एक निवृत्त अभियंते आले. त्यांनी सोफा पाहिला नाही, पडदे पाहिले नाहीत. खिडकीखाली, जमिनीपासून दोन फुटांवर, रंगाला आलेल्या नाण्याएवढ्या फुगवट्यावर त्यांनी अंगठा हलकेच दाबला. हिरव्या रंगाचा पापुद्रा करकरत सुटला, मागून पांढरा खार आणि ओलसर पुट्टीची भुकटी गालिच्यावर पडली. ते अंगठा रुमालाला पुसत शांतपणे म्हणाले, "रंग चांगला आहे." नमस्कार करून निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज तो त्या रंगाऱ्याचा आणि माझा स्वतःचा येतो.

सेवेकडे तक्रार केली, तेव्हा बाहेरच्या गळतीची जबाबदारी आमची नाही, असे लेखी उत्तर आले. ते शब्दशः बरोबरही होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने बाहेरून होणारी गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. आमच्या समितीने तीन बैठका घेतल्या, पण डिसेंबरात परांची बांधली आणि भेग कोरून पॉलिमर मिश्रित मसाल्याने भरली, छज्जावर उतार काढून लेप दिला. आतला गिलावा आम्ही विटेपर्यंत खरवडला आणि ती उघडी भिंत सहा आठवडे तशीच ठेवली. विक्रीला काढलेल्या घरात दिवाणखान्याच्या मधोमध उघड्या विटा असणे हे सजावटीच्या सर्व नियमांविरुद्ध होते. तरीही त्या काळात जी चार कुटुंबे आली त्यांना मी भिंत दाखवली, भेग कुठे होती ते सांगितले, दुरुस्तीची छायाचित्रे दाखवली. त्यांतील दोन कुटुंबे पुन्हा आली. नवा गिलावा सुकल्यावर फेब्रुवारीत साधा फिकट रंग दिला. संस्थेचा भाग वगळता आम्हाला ओलीपायी २७,००० रुपये पडले.

फर्निचर डिसेंबरअखेर परत गेले होते. दिवाण परत आला, पण खिडकीची वाट सोडून भिंतीलगत, आणि आई पुन्हा दिवाणखान्यात बसू लागली. तिच्या बसण्याचा विक्रीवर चांगलाच परिणाम झाला, हे मला नोंदवले पाहिजे. "का विकताय?" या प्रश्नाचे उत्तर मी देई तेव्हा लोक संशयाने ऐकत, ती गुडघ्यावर हात ठेवून जिन्याकडे बोट दाखवी, तेव्हा कोणी पुढे विचारीत नसे. लिफ्ट नसल्याचा तोटा त्यातून लपत नव्हता, मात्र घरात आणखी काही खोट नसावी, एवढे पटत होते.

दुसऱ्या फेरीत टेबलावर आम्ही फक्त एक फाइल ठेवली. मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), पूर्णत्वाचा दाखला, मिळकत कराची पावती, वीजबिल, संस्थेची थकबाकी नसल्याचे पत्र, आणि अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावे झाल्याचा कागद यांच्या छायाप्रती तिच्यात होत्या. तीस वर्षांच्या इमारतीत घेणारा माणूस आजच्या भिंतींइतकाच उद्याच्या पुनर्विकासाचा विचार करतो, आणि "कन्व्हेयन्स झालंय का?" हा प्रश्न दुसऱ्या भेटीत हमखास येतो. कृत्रिम रोपट्याच्या जागी ठेवलेली ही फाइल लोक पंधरा-पंधरा मिनिटे चाळत बसत. सजावटीच्या सेवेने तिच्याबद्दल एक अक्षरही सुचवले नव्हते. माझ्या मते ही त्यांच्या सेवेतील सर्वांत मोठी उणीव आहे, कारण कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील शेवटी पडदे पाहत नाही.

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, विसार मिळाला. उघड्या विटा पाहून पुन्हा आलेल्या दोन कुटुंबांपैकीच ते एक होते. व्यवहार ८६ लाखांना ठरला. आमच्या मूळ अपेक्षेपेक्षा तो दोन लाखांनी कमी होता आणि ते दोन लाख जिन्याचे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि घर केवळ महिलेच्या नावे असल्यास ६ टक्के पडत असल्याने त्यांनी ते पत्नीच्या नावे घेतले आणि मे महिन्यात दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवले गेले.

हिशेब मांडला तर सेवेला शुल्क आणि चार महिन्यांचे भाडे मिळून ७६,००० रुपये गेले. त्यातील आवराआवरीचा आणि दिव्यांचा सल्ला घेण्यासाठी मी पुन्हा पैसे देईन, तेही दोन तासांच्या भेटीपुरते. रिकाम्या घराला फर्निचरचा कदाचित उपयोग होत असेल, पण माणसे राहत असलेल्या घरात ते घेऊ नये. पावसाळ्यात रंग तर कोणीही कितीही आश्वासने दिली तरी देऊ नये.

जुलैच्या अखेरीस नव्या मालकीणबाईंचा फोन आला. पश्चिमेची भिंत कोरडी होती, हे त्यांनी आधी सांगितले. मग त्यांनी विचारले की जोराची झड आली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावर पाणी येते, हे आम्ही का बोललो नाही. तीस वर्षे आम्ही पावसाळ्यात त्या खिडकीच्या चौकटीवर जुना टॉवेल गुंडाळून ठेवत आलो होतो; सवय इतकी अंगवळणी पडली होती की ही उणीव आहे आणि ती सांगायची असते, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचले नव्हते. टॉवेल बहुधा आवराआवरीच्या पहिल्याच दिवशी बोहारणीकडे गेला असावा. मी त्यांची क्षमा मागितली आणि छज्जाचे काम केलेल्या मिस्त्रीचा क्रमांक त्यांना पाठवला.