इस्तंबूल, रोम, क्योटो, मेक्सिको सिटी की पॅरिस? माझी क्रमवारी, तिसऱ्या दिवसाच्या हिशोबाने

फिरायला जगातलं सगळ्यात भारी शहर कोणतं असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, दिवस किती आहेत? कारण दोन दिवसांत कुठलंही मोठं शहर भारीच वाटतं. पहिल्या दिवशी सगळं नवीन असतं, दुसऱ्या दिवशी ज्या जागेसाठी आलो ती जागा बघून होते, फोटो होतात, पाय दुखायला लागतात. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. यादी संपलीये, हातात एकही तिकीट नाही, सकाळचे नऊ वाजलेत, आता हे शहर मला काय देणार? मी माझी क्रमवारी या एकाच प्रश्नावर लावते, त्यामुळे ती नेहमीच्या टॉप टेनशी जुळत नाही. एक इस्तंबूल, दोन रोम, तीन क्योटो, चार मेक्सिको सिटी, पाच पॅरिस. पॅरिस पाचवं बघून बऱ्याच जणांना राग येतो, त्याचं कारण पुढे सांगते.

आधी पहिल्या दोघांचं, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात आणि मीही खूप वेळ अडकले होते. तुलनाही अगदी बरोबरीची आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने 330 साली बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावर आपली नवी राजधानी थाटली ती नवं रोम म्हणूनच, आणि पश्चिमेचं साम्राज्य बुडाल्यावरही हे पूर्वेचं रोम थेट 1453 पर्यंत टिकलं, मग ऑटोमन तुर्क आले. म्हणजे दोन्ही शहरं एकाच घरातली आहेत. दोन्हीकडे जमीन खणायची भीती वाटते इतकं खाली काय काय दडलंय. रोममध्ये मेट्रोची सी लाइन खणताना इतक्या जुन्या वस्तू निघाल्या की सान जोव्हान्नी स्टेशनात त्या तशाच मांडून ठेवल्यात, जिन्याने जसजसं खाली जाल तसतसा काळ मागे जातो. इस्तंबूलला समुद्राखालून जाणाऱ्या मार्मराय रेल्वेच्या वेळी येनीकापी भागात बायझंटाइन म्हणजे याच पूर्वेच्या रोमच्या काळातलं बंदरच सापडलं आणि त्यात 37 बुडालेली जहाजं. ती लाइन 2013 मध्ये सुरू झाली, आज तुम्ही चार मिनिटांत युरोपातून आशियात जाता आणि वर बॉस्फरस वाहत असतो.

रोमची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे चालणं. जुना भाग बराचसा सपाट, एका जागेहून दुसरी जागा दहा-पंधरा मिनिटांवर, आणि रस्त्यात सतत पाणी वाहणारे छोटे लोखंडी नळ, त्यांना तिथे नासोनी म्हणतात, बाटली भरा आणि पुढे चला. कलोसियम, व्हॅटिकन, सिस्टीन चॅपल हे दोन दिवसांत होतं. तिसऱ्या दिवशी फक्त चर्च. मी धार्मिक वगैरे अजिबात नाही पण रोमची चर्च म्हणजे फुकटातली म्युझियम आहेत हो. सान लुइजी देइ फ्रांचेझी नावाच्या चर्चमध्ये एका कोपऱ्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत, अंधार असतो, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. मग कुणीतरी दुसरं नाणं टाकतं. अनोळखी माणसं अशी आळीपाळीने एकमेकांसाठी उजेड करत उभी असतात, मला ते दृश्य चित्रांइतकंच आवडलं. मायकेलअँजेलोचा मोझेस असाच सान पिएत्रो इन व्हिंकोलीमध्ये, तिकीट नाही. आणि सान क्लेमेंते तर चुकवूच नका, वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च, त्याच्याही खाली रोमन काळातली इमारत आणि मिथ्र देवाचं मंदिर. तळाला गेलं की भिंतीपलीकडे पाणी वाहताना ऐकू येतं. खालच्या भागाला तिकीट आहे, पण ते पैसे सत्कारणी लागतात. एकच लक्षात ठेवा, बरीच चर्च दुपारी तीन-चार तास बंद असतात, म्हणजे सकाळी लवकर निघा नाहीतर चारनंतर.

मग रोम पहिलं का नाही? पाण्यामुळे. रोममध्ये टायबर नदी आहे पण 1870 च्या पुरानंतर तिच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती बांधल्या, आता नदी खाली आणि शहर वर, दोघांचा फारसा संबंध उरलेला नाही. इस्तंबूलमध्ये पाणी हाच रस्ता आहे. एमिनोन्युच्या धक्क्यावर साध्या लोकल फेरीबोटीत बसायचं, आशियाच्या बाजूला कादिकोय किंवा उस्कुदारला जायचं, वीसेक मिनिटं लागतात, कामावर जाणारे लोक चहाचे छोटे ग्लास हातात घेऊन बसलेले असतात, सीगल सोबत उडत असतात, आणि मागे सुलेमानिये मशीद, आया सोफिया, तोपकापी राजवाडा असं सगळं शहर एका ओळीत दिसतं. ही टूर नाहीये, रोजची वाहतूक आहे, बसचं जे कार्ड तेच इथे चालतं. तिसऱ्या दिवशी मी सकाळी एकदा गेले, दुपारी परत आले आणि संध्याकाळी नुसतंच बसायचं म्हणून पुन्हा गेले.

आणि फेरीतून उतरल्यावरही शहर संपत नाही. मसाल्यांच्या बाजाराजवळ रुस्तम पाशाची मशीद आहे, खाली दुकानं आणि वर मशीद, दार सहज सापडत नाही म्हणून लोक पुढे निघून जातात, आत सगळीकडे इझनिकच्या निळ्या फरश्या, अगदी नजर ठरत नाही. वर टेकडीवर ऑटोमन वास्तुविशारद सिनानने बांधलेली सुलेमानिये, 1557 ची, तिच्या आवारातून गोल्डन हॉर्न ही खाडी दिसते आणि तिथे बसायला कोणी पैसे मागत नाही. ब्लू मॉस्कसमोर जेवढी गर्दी असते तेवढी इथे मला कधीच दिसली नाही, का ते मला अजून कळलेलं नाही, कारण माझ्या मते ही जास्त सुंदर आहे.

आता इस्तंबूलचे तोटे. चढ. रोममध्ये जे अंतर पंधरा मिनिटांत होतं ते इथे तितकंच असलं तरी दम काढतं, गुडघे दुखत असतील तर ट्रामच्या टी1 लाइनला धरून हॉटेल घ्या. रस्त्यावरचा ट्रॅफिक भयंकर, टॅक्सीत बसून वेळ घालवू नका. आणि आधी चर्च, मग मशीद, मग म्युझियम असलेल्या आया सोफियाचा नियम बदललाय, 2020 मध्ये ती पुन्हा मशीद झाली आणि 2024 पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून फक्त वरच्या गॅलरीत जाता येतं, खालचा भाग नमाजासाठी. बऱ्याच लोकांना हे तिथे गेल्यावर कळतं आणि वाईट वाटतं. पण जुनी मोझेक, त्यात ते प्रसिद्ध येशूचं, वरच्या गॅलरीतच आहे, त्यामुळे मुख्य गोष्ट हुकत नाही.

क्योटो तिसरं, आणि याबद्दल मी खूप विचार केलाय, कारण मन म्हणतं पहिलं आणि कसोटी म्हणते तिसरं. 794 पासून हजारेक वर्षं जपानची राजधानी, अणुबॉम्बच्या लक्ष्यांच्या यादीत नाव होतं आणि 1945 मध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी ते काढायला लावलं, म्हणून आज हे सगळं बघायला शिल्लक आहे. सांज्यूसांगेंदोमध्ये एका लांबच लांब लाकडी दालनात करुणेची देवता कानोन हिच्या 1001 मूर्ती रांगेत मांडल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे 28 रक्षक देवता, त्यात इंद्र आहे, गरुड आहे, जपानी नावं धारण करून. इतका प्रवास करून आलेल्या मूर्ती आहेत त्या. मी तिथे एक तास होते आणि बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काय? फुशिमी इनारी, डोंगरावरचं देवस्थान. त्याला गेट नाही, तिकीट नाही, चोवीस तास उघडं. दिवसा खालच्या तोरीई कमानींमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते, पण पहाटे साडेपाचला जा, नाहीतर वर चढत राहा, डोंगर 233 मीटरच आहे, अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजी नावाच्या चौकातून शहर दिसतं आणि बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात, त्याच्या वरचा रस्ता जवळजवळ तुमचाच. मग खाली येऊन कामो नदीवर, जिथे दोन नद्या मिळतात तिथे कासवाच्या आकाराच्या दगडांवरून पोरं पलीकडे उड्या मारत जातात, तुम्हीही जा.

अडचण अशी की मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात, आणि रोम किंवा इस्तंबूलमध्ये संध्याकाळी जो दुसरा दिवस सुरू होतो तो इथे होत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला फुलांसाठी आणि नोव्हेंबरच्या शेवटी लाल पानांसाठी इतके लोक येतात की बसमध्ये चढता येत नाही. गियोन या गेशांच्या वस्तीतल्या काही खासगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना आता बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं, लोक गेशांच्या मागे कॅमेरे घेऊन पळायचे.

मेक्सिको सिटी बऱ्याच जणांच्या यादीतच नसते आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आझ्टेक लोकांच्या तळ्यातल्या तेनोच्तित्लान या शहरावर वसलेलं शहर, 1978 मध्ये विजेच्या केबलसाठी खणणाऱ्या कामगारांना देवीचा प्रचंड कोरीव दगड लागला आणि भर चौकाशेजारी तेंप्लो मायोर हे मुख्य मंदिर उघडं पडलं. शेजारचं कॅथेड्रल तळ्याच्या मऊ जमिनीत वेडंवाकडं खचलंय, आत उभं राहिलं की फरशीचा उतार पायाला कळतो. मानववंशशास्त्राच्या म्युझियमला एक अख्खा दिवस द्या, त्याहून कमी वेळात ते होत नाही. तिसरा दिवस रविवारी येईल असं बघा, तेव्हा पासेओ दे ला रेफोर्मा हा मोठा रस्ता सकाळी गाड्यांना बंद असतो आणि सायकली, मुलं, कुत्री, सगळं शहर रस्त्यावर. उंची 2,240 मीटर आहे, पहिल्या दिवशी जिने चढताना धाप लागते, घाबरू नका आणि त्या दिवशी घाईही करू नका.

आता पॅरिस. पॅरिस सुंदर आहे, यात वादच नाही, पहिल्यांदा सेन नदीच्या पुलावर संध्याकाळी उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पण पॅरिसमध्ये पहिले दोन दिवस रांगेत जातात. लूव्हरमध्ये लोक ज्यासाठी तासभर धक्के खातात ती मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटरची आहे, काचेमागे, आणि त्या दालनाकडे पळताना लोक लिओनार्दोचीच दुसरी चित्रं न बघता पुढे जातात, जी बाहेरच्या गॅलरीत शांतपणे बघता येतात. दुसरं कारण माझं वैयक्तिक आहे. 1853 पासून ओस्मान नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने शहर नव्याने आखलं, सरळ रुंद रस्ते, सारख्या उंचीच्या फिक्या दगडाच्या इमारती, आणि ते देखणं आहे पण दोन दिवसांनी मला या गल्लीत आणि त्या गल्लीत फरक कळेनासा होतो, इस्तंबूलमध्ये वळण घेतलं की शतक बदलतं. तिसऱ्या दिवसासाठी पती पाले आणि कार्नाव्हाले ही दोन म्युझियम आहेत, कायमचा संग्रह फुकट, गर्दी कमी. आणि नोत्र दाम, 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं, आतला दगड घासून इतका उजळ झालाय की जुने फोटो बघून गेलेल्यांना वेगळीच इमारत वाटते.

पण सोबत वयस्कर आईवडील असतील तर मात्र मी इस्तंबूलच्या आधी पॅरिसच सांगेन, मध्यवर्ती भाग सपाट आहे आणि बस चांगल्या आहेत. मेट्रो टाळा, जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाहीत, जिने मात्र भरपूर. लहान मुलं असतील तर क्योटो. चित्रंशिल्पं हाच विषय असेल तर रोम, विचारच करू नका. एकट्याने जायचं आणि नुसतं भटकायचं असेल तर इस्तंबूल.

लंडन सहावं, मोठी म्युझियम फुकट आहेत त्यामुळे पावसातही दिवस वाया जात नाही, पण शहर इतकं पसरलंय की तिसरा दिवस ट्यूबमध्ये, म्हणजे मेट्रोत जातो. व्हेनिस मी मुद्दाम बाजूला ठेवलं, ते दिवसा बघून लोक निराश होतात आणि बरोबरच आहे, तिथे रात्री राहायचं, दिवसभराचे लोक गेल्यावर.

बुकिंग करण्याआधी वार मात्र बघाच, यात मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय. लूव्हर आणि तोपकापी दोन्ही मंगळवारी बंद. पॅरिसचं ओर्से म्युझियम आणि मेक्सिकोची बहुतेक म्युझियम सोमवारी. इस्तंबूलचा ग्रँड बझार रविवारी बंद, व्हॅटिकन म्युझियमही रविवारी, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. महिन्यांचं म्हणाल तर रोम आणि इस्तंबूल एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, मेक्सिको सिटी मार्चमध्ये, जाकारांडाची झाडं जांभळी होतात तेव्हा.

आणि रोम-इस्तंबूल दोन्ही एकाच सुट्टीत जमत असेल तर आधी रोम करा, उलटं नको. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात उभं राहून वर बघा, 43 मीटर रुंद काँक्रीटचा घुमट, लोखंडाची एक सळई नाही, एका जाड गोल भिंतीवर बसवलेला. मग चार दिवसांनी आया सोफियाच्या वरच्या गॅलरीत जा. तो घुमट रुंदीला लहान आहे, 31 मीटरच्या आसपास, पण त्याखाली गोल भिंत नाही, चार कमानींवर उचललाय आणि कडेने 40 खिडक्या. पहिला घुमट 558 मध्ये कोसळला, त्यांनी तो आणखी उंच करून पुन्हा बांधला. सकाळी लवकर गेलात तर त्या खिडक्यांतून ऊन येतं, आणि गॅलरीतून ते खालच्यापेक्षा जास्त जवळून दिसतं.