रिपेअर करत बसायचं की सरळ फॉरमॅट मारायचा? लॅपटॉप सुरू होताना अडकतोय त्यांच्यासाठी

बटण दाबलं, लोगो आला, खाली ठिपक्यांची चकरी फिरायला लागली आणि ती फिरतच राहिली, इथपर्यंत पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्या लॅपटॉपची लाइटच लागत नाही त्यांचं दुखणं वेगळं आहे, चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, परत चार्जर लावून बघा, नाहीच झालं तर खोलणाऱ्या माणसाकडे न्या. आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी लॅपटॉपची स्वतःची सेटिंगची स्क्रीन येते ती) जाऊन एसएसडीचं, म्हणजे आतल्या ड्राइव्हचं, नाव दिसतंय का तेवढं आधी बघून घ्या. तिथेच नाव नसेल तर खालचं काहीच वाचू नका, ड्राइव्ह गेली असेल किंवा नीट बसलेली नसेल, त्यात विंडोज बिचारं काय करणार.

तर पर्याय दोन. एक म्हणजे लॅपटॉप दोनतीनदा मध्येच बंद केला की जी निळी स्क्रीन येते तिथले उपाय, म्हणजे स्टार्टअप रिपेअर, अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोर (सिस्टिम आधीच्या तारखेच्या स्थितीला नेणं) आणि शेवटी रिसेट (विंडोज आहे तिथेच नव्याने उभी करणं). दुसरा म्हणजे डेटा बाहेर काढायचा आणि पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकायची. मी दोन्ही केलं, एकाच लॅपटॉपवर, एकाच शनिवार-रविवारी, त्यामुळे माझं मत थोडं रागातलं असू शकतं हे आधीच सांगतो.

रिपेअरच्या बाजूने बोलायचं तर, काय बिघडलंय हे माहिती असेल तर त्याच्यासारखं काही नाही. काल अपडेट झालं आणि आज अडकलं, तर तिथे शेवटचं अपडेट काढायचा ऑप्शन असतो, तो आधी वापरा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातल्या 85 लाख मशीन पडल्या होत्या (आकडा मायक्रोसॉफ्टचा), तेव्हा सहसा फॉरमॅट मारायची गरज नव्हती, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी जेमतेम गोष्टी घेऊन चालू होते तो) जाऊन एक फाइल उडवली की मशीन उठत होती. फक्त कुठली फाइल ते कोणीतरी सांगायला लागतं. आपल्या घरच्या लॅपटॉपला नेमकं काय झालंय ते सांगायला कोण येणार?

स्टार्टअप रिपेअर सांगेल असं वाटतं, पण ते सांगत नाही. 'तुमचा पीसी तपासतोय' म्हणतं, मग 'रिपेअर करता आला नाही' म्हणतं, आणि परत त्याच निळ्या स्क्रीनवर आणून सोडतं. त्याची एक लॉग फाइल असते, विंडोजच्या सिस्टिम थर्टीटू फोल्डरमध्ये आत लॉगफाइल्सच्या एसआरटी फोल्डरमध्ये, मी हट्टाने ती उघडून वाचली. एकाखाली एक टेस्ट, प्रत्येकीपुढे सक्सेसफुल, एरर कोड शून्य. पेशंटचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट काही डोळे उघडेना. मग नेटवर सगळीकडे सापडतात त्या, विंडोज सुरू होण्याची व्यवस्था दुरुस्त करणाऱ्या बूटरेकच्या कमांड मारल्या, त्यातल्या फिक्सबूटने अॅक्सेस डिनाइड म्हणून हात वर केले, ते म्हणे नव्या यूईएफआयवाल्या (बायोसचा नवा अवतार) लॅपटॉपवर होतंच, तिथे सुरू होण्याच्या फाइल्स परत लिहिणारं बीसीडीबूट चालवायचं असतं. तेही चालवलं. चकरी जिथल्या तिथे.

आता रिसेट. माझं मत जिथे पक्कं झालं ती जागा हीच. 'माझ्या फाइल्स ठेवा' असा गोड ऑप्शन आहे म्हणून शनिवारी रात्री जेवण झाल्यावर तो लावला. टक्के वाढत गेले, मग एका आकड्यावर थांबले, अर्धा तास, पाऊण तास, आता यात ते काम करतंय की मेलंय हे कळायला काही मार्गच नाही, पंख्याचा आवाज आला की वाटायचं चाललंय काहीतरी, आवाज थांबला की पोटात गोळा, आणि बंद करायची तर हिंमत होत नाही कारण मध्येच बंद केलं आणि उरलंसुरलंही गेलं तर? जवळजवळ तीन तासांनी स्क्रीनवर काय यावं, 'रिसेट करताना अडचण आली, कोणतेही बदल केलेले नाहीत'. अरे मग तीन तास करत काय होतास! कारण नाही, कोड नाही, पुढे काय करा तेही नाही. खाली एकच बटण, कॅन्सल.

नंतर कळलं ते असं, की 'लोकल' रिसेट नवीन विंडोज कुठून बाहेरून आणत नाही, लॅपटॉपमध्ये आधीच असलेल्या सिस्टिम फाइल्समधूनच ती परत उभी करतं. त्या फाइल्सच खराब असतील तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. 'क्लाउड डाउनलोड' हा ऑप्शन त्यापेक्षा बरा, तो चारेक जीबी ताजं उतरवून घेतो, पण माझ्याकडे त्या निळ्या स्क्रीनमध्ये वायफायच दिसेना. तुमच्याकडे दिसत असेल किंवा लॅन केबल असेल तर एकदा करून बघायला हरकत नाही, माझ्यापेक्षा नशीब चांगलं असू शकतं.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, 'फाइल्स ठेवा' म्हणजे फक्त फाइल्स. बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअर ते काढूनच टाकतं, वर डेस्कटॉपवर काढलेल्यांची यादी ठेवून जातं, मयताच्या सामानाची करतात तशी. म्हणजे सॉफ्टवेअर परत टाकायची मेहनत दोन्हीकडे सारखीच. बॅकअप तर रिसेटच्या आधीही घ्यायलाच पाहिजे. मग रिसेटमध्ये वाचलं काय?

रविवारी पेनड्राइव्ह. डेटा काढायला एक जुनी युक्ती आहे, निळ्या स्क्रीनमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे नोटपॅड टाइप करा, फाइल मेनूतून ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि त्या छोट्या खिडकीतच फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सी म्हणून उघडाल तर भलतंच निघेल, गोंधळू नका. कॉपी होताना पट्टीबिट्टी काही दिसत नाही, नोटपॅड गोठल्यासारखं होतं, तेव्हा हात लावायचा नाही, बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना मग चाललंय. फोटोंचा फोल्डर मी वर्षावर्षाने तुकडे करून काढला, एकदम टाकायचा धीर नव्हता. हे नको असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (लॅपटॉपमध्ये न टाकता चालणारी दुसरी सिस्टिम) चालू करून आरामात कॉपी करा, माझ्याकडे तेव्हा दुसरा पेनड्राइव्ह नव्हता एवढंच.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने तयार केला, लावला, आणि इथेही गाडी अडलीच. विंडोज कुठे टाकायची ते विचारणारी यादी रिकामी, एकही ड्राइव्ह नाही. घाबरू नका, इंटेलच्या 11व्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे होतं, व्हीएमडी नावाची इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची भानगड आहे, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून 'लोड ड्रायव्हर' मधून दाखवला की ड्राइव्ह दिसते. अर्धा तास गेला माझा. पण बघा, ड्राइव्ह दिसत नाही हे मला डोळ्यांनी दिसलं, मी फोनवर शोधलं, ड्रायव्हर घातला, दिसली. कुठे अडलंय ते कळत होतं. आदल्या रात्री तीन तासांत तेवढंही कळलं नव्हतं.

पुढचं सगळं सरळ आहे. जुनं सी पार्टिशन उडवताना डी ला हात लागणार नाही एवढं बघायचं, विंडोजची प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणायचं, आधीचीच एडिशन टाकली तर नेट लागल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होते कारण लायसन मदरबोर्डशी जोडलेलं असतं. विंडोज पडायला वीसपंचवीस मिनिटं लागली असतील, घड्याळ काही लावलं नव्हतं. बाकीची सॉफ्टवेअर आणि पासवर्ड यात मात्र रात्र झाली, ते खोटं कशाला सांगू. अजून विंडोज 10 वर असाल तर तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, लॅपटॉप 11 ला चालत असेल तर जुनी दुरुस्त करायला रविवार घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माझी आताची पद्धत विचाराल तर अपडेट काढून बघतो, स्टार्टअप रिपेअरला एक संधी देतो, एकच, आणि मग पेनड्राइव्ह. रिसेटकडे फिरकत नाही.

फक्त एका ठिकाणी माझं ऐकू नका. निळी स्क्रीन 48 आकडी बिटलॉकर की (विंडोजने ड्राइव्हला लावलेल्या कुलपाची किल्ली) मागत असेल तर आधी फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती सापडते का बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपल्याला न विचारता चालू झालेलं असतं. की मिळाली तर नोटपॅडवाली युक्ती चालते. नाही मिळाली तर फॉरमॅटची अजिबात घाई नको, लॅपटॉप कसाबसा एकदा उठला तरच त्यातलं काही हाताला लागायची आशा आहे, तेव्हा रिसेट सोडून रिपेअरचे होते नव्हते तेवढे सगळे ऑप्शन करून बघा, रात्र गेली तरी चालेल. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यातलं काहीच करू नका, त्यांच्या आयटीवाल्याला फोन लावा, बिटलॉकर की त्याच्याकडे असते.