द्राक्षबागेसाठी रोगसूचना सेवा: यंत्र घ्या, कॅमेऱ्यावर विसंबू नका

तासगाव, पलूस भागात विकली जाणारी ही सेवा दोन भागांत येते: प्लॉटमध्ये उभं करायचं हवामान यंत्र आणि पानाच्या फोटोवरून रोग सांगणारं ॲप. दोन्हींची विचार करायची पद्धत मुळातच वेगळी आहे.

यंत्रामागे माणसाने लिहिलेले नियम आहेत. डाऊनीचा (केवडा रोगाचा) जुना इटालियन नियम म्हणतो, वेलीची नवी फूट 10 सेंमी, पाऊस 10 मिमी आणि तापमान 10 अंशांच्या वर असेल, तर लागणीचा धोका. आपल्याकडे फळछाटणीनंतर (घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती छाटणी) तापमानाची अट रोजच पूर्ण होते, म्हणून नुसता हा नियम लावला की इशारे फार येतात. या यंत्रात पान ओलं राहिल्याचे तासही धरलेत, हे चांगलं केलंय. 20 ते 25 अंशांत पान दोन-तीन तास ओलं राहिलं तरी डाऊनीला पुरतं. शिवाय इशारा का आला, ते तासांसकट दिसतं, त्यामुळे चूक शोधता येते. बहुतेकदा ती सेन्सरच्या जागेत असते. बांधावर उघड्यावर लावला की दव लवकर सुकतं, आत वेलीत मात्र पान ओलंच असतं. सेन्सर घडांच्या उंचीला, पानांच्या आत बांधा आणि फवारणीनंतर पुसा.

ॲपमध्ये न्यूरल नेटवर्क आहे. नियम कुणी लिहिलेले नाहीत, हजारो फोटोंवरून ते शिकलंय. 2016 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात 54,306 फोटोंवर शिकवलेलं असंच नेटवर्क त्याच संचातल्या फोटोंवर 99 टक्क्यांच्या वर बरोबर आलं, पण बाहेरच्या फोटोंवर 31 टक्क्यांच्या आसपास घसरलं. शिकवायच्या फोटोंतली पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. प्लॉटमध्ये सावली, माती, मागची पानं सगळंच फोटोत येतं. त्यात हे ॲप 'ओळखता येत नाही' असं म्हणतच नाही, शिकलेल्यांपैकी एक नाव देतंच. बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) निळसर थेंब सुकलेलं पान दाखवलं की भुरी (पानावर पांढरी भुकटी दिसणारा रोग) सांगतं, तेही मोठ्या टक्केवारीसह. पान उलटून खालची बाजूही टिपा, डाऊनीची पांढरी लव तिथेच असते.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दोन्ही भाग एकमेकांशी बोलत नाहीत. मागचे दहा-बारा दिवस पान ओलं झालंच नसेल, तर कॅमेऱ्याच्या 'डाऊनी'वर ॲपनेच शंका घ्यायला हवी. डाग दिसेपर्यंत लागण होऊन चार-पाच दिवस तरी गेलेले असतात, म्हणून आधी सावध करायचं काम यंत्राचंच. मिळत असेल तर नुसतं यंत्र घ्या. पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: तासागणिक नोंदी उतरवून घेता येतात का, आणि नियमातले आकडे आपल्याला बदलता येतात का.