सात बाय चौदाचा मिनी लेथ

वडोदऱ्याच्या फ्लॅटमधल्या टेबलावर मावणारं, साधारण ४० किलोचं, धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कापणारं मशीन; सात इंच हा मावणाऱ्या जॉबचा व्यास, चौदा इंच लांबी. पैसे वसूल, पण खोक्यातून काढून लगेच चालवू नका. बेडवरचं (मशीनच्या लांब रुळांवरचं) घट्ट ग्रीस रॉकेलनं पुसा, तेल लावा, मग क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) जिबचे, म्हणजे ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू थोडे थोडे आवळा. जिब ढिली राहिली की टूल थरथरतं आणि जॉबवर लाटा उठतात. टूलचं टोक सेंटरच्या (जॉब फिरतो त्या मध्यरेषेच्या) खाली असेल तर फेसिंगनंतर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापल्यावर, मधोमध बारीक बोंड उरतं. टूलखाली पत्र्याची शिम (पातळ पट्टी) घाला. माइल्ड स्टीलवर सुरुवातीला पाव मिलिमीटरच कट. प्लॅस्टिकचे गिअर ही खरी कमजोरी, टूल रुतलं की दात जातात; जादा सेट सोबतच मागवा. सरावाला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून ॲल्युमिनियमचे तुकडे आणा. आणि चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्यांची) चावी चकमध्ये कधीही, क्षणभरही सोडू नका.